पंधराव्या माणसाची वेळ

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. तळहात भरून जाईल एवढा माझा आकार, अंगावर निकेलचे कवच आणि डोक्यावर खाचाखाचांची टोपी. टोपी पिळली की मला चावी बसते. एकदा दाबली की मी धावतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबली की मुकाट्याने शून्यावर येतो. माझा काटा एका सेकंदात पाच पावले टाकतो. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी काही गोड स्वभावाचा नाही. उभ्या जन्मात मी कुणाला अर्ध्या सेकंदाचीही सूट दिलेली नाही आणि याचा मला बरीच वर्षे भलताच गर्व होता.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे रांगेने बसलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून चिमट्याने चाके बसवत असत. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई होती. ती दहा-दहा घड्याळे एकदम सुरू करायची, तासाभराने बघायची आणि जे मागेपुढे सापडेल ते पत्र्याच्या टोपलीत फेकून द्यायची. माझ्या डावीकडचे गेले, उजवीकडचेही गेले. मी राहिलो. त्या दिवसापासून माझी खात्रीच झाली की जगात दोन प्रकार असतात, एक बरोबर चालणारे आणि दुसरे टोपलीत जाणारे.

तिथून मी एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात आलो. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, आठ टेबले आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध उभा लाकडी पडदा. पडद्याच्या एका बाजूला प्रयोग घेणारा बसतो आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. या दुसऱ्याला इथे 'प्रयुक्त' म्हणतात. माणूस खुर्चीत बसला की त्याचे नाव जाते आणि तो 'प्रयुक्त क्रमांक अमुक' होतो. कुणाला आरशात बघून चांदणी गिरवायला लावायची, कुणाला निरर्थक अक्षरे पाठ करायला लावायची आणि किती वेळ लागला ते मला विचारायचे. मी कसलीही भीडभाड न ठेवता सांगायचो. मंद माणसाला बाकीचे हसले की मलाही गुदगुल्या व्हायच्या.

विद्यार्थ्यांची तऱ्हा तर विचारूच नका. माणसाचे मन समजून घ्यायला म्हणून ही मंडळी येत आणि पहिल्याच महिन्यात संख्याशास्त्र पदरात पडले की त्यांचे चेहरे उतरत. मध्यमान, प्रमाण विचलन, शून्य परिकल्पना! निम्मे जण प्रयोग न करताच घरी बसून आकडे पाडायचे. मी कपाटात निजलेलो आणि वहीत मात्र माझ्या नावावर तीस जणांच्या वेळा! पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि मला विचारणारेच कुणी राहिले नाही. वर्षातून एकदा घड्याळवाले काका मला तेलपाणी करायचे, तेवढाच काय तो स्पर्श. त्यांचे दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत होते. त्यांची बोटे जाडजूड होती, पण तिळाएवढा स्क्रू पहिल्याच फटक्यात भोकात बसवायची. मला त्यांचा हात ओळखीचा झाला होता.

या काकांची मुलगी आमच्या विभागात शिकायला आली. पहिल्याच आठवड्यात संख्याशास्त्राच्या सरांनी फळ्यावर कुटुंबांचे गणित मांडले, सरासरी मुले दोन पूर्णांक चार दशांश. ही उठून विचारते, "सर, ते पॉइंट चार मूल ठेवायचं कुठे?"

"तुझ्या डोक्यात ठेव," सर म्हणाले. "जागा रिकामीच दिसते."

वर्ग खो खो हसला आणि तिचे नाव 'दशांश' पडले ते कायमचे. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी चार मिळाले. सर सगळ्यांचे गुण मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तिचे तर दोनदा वाचले. त्यांच्या मते रडू आल्याशिवाय संख्याशास्त्र येत नाही.

ती खाली मान घालून दुकानात जाऊन बसली. त्याच आठवड्यात मी तिथे तेलपाण्याला गेलेलो होतो, म्हणून पुढचे मी ऐकले. काका म्हणाले, "कशाला रडतेस? इकडे बघ. भिंतीवर वीस घड्याळं आहेत. प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतोय की नाही?"

"हो."

"सगळ्यांची मिळून एक मधली वेळ काढ. आता प्रत्येक जण त्या मधल्या वेळेपासून किती लांब आहे ते लिही."

तिने लिहिले. पाटीभर वजाबाक्या, मग वर्ग, मग बेरीज, मग वर्गमूळ. अर्ध्या तासाने तिचे डोळे एकदम मोठे झाले. "बाबा, हेच प्रमाण विचलन! पण हे कोपऱ्यातलं पाऊण तास मागे आहे. याने सगळंच बिघडवलं." काकांनी बोलता बोलता ते खिळ्यावरून काढले होते आणि त्याचे मागचे झाकण उघडायलाही घेतले होते.

त्यानंतर दशांशने मागे वळून पाहिले नाही. ज्या विषयात चार पडले होते त्यात ती पहिली आली. सर आता तिला पुढच्या बाकावर बसवू लागले. शेवटच्या वर्षी तिने प्रबंधाचा विषय घेतला, पन्नाशी उलटलेल्या माणसांनी तीन आठवडे रोज दहा मिनिटे सराव केला तर त्यांच्या मनाचा वेग वाढतो का? कागदावर पन्नास शब्द छापलेले. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' हा पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. पंधरा जण सराव करणारे, पंधरा न करणारे. मार्गदर्शक तेच सर. त्यांनी बजावले, "मोबाइल नको. परीक्षक नाक मुरडतात. विभागाचं स्टॉपवॉच घे."

अशी माझी धूळ झटकली गेली. ती मला आधी बाबांकडे घेऊन गेली. काकांनी मला उघडले आणि मित्रांनो, त्या दिवशी तो तिळाएवढा स्क्रू त्यांच्या चिमट्यातून तीनदा निसटला. मला राग आला. म्हटले, म्हातारा आता कामातून गेला. त्यांच्या कपाळावर हिरवट डाग होता. काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या करवादल्या, "शटर अर्धं वर असताना वाकायला काय होतं तुम्हाला? आठ दिवस झाले, डाग जात नाही."

"जरासं लागलं गं. डोकं शाबूत आहे," काका म्हणाले.

ऐन वेळी सराव करणाऱ्या गटातले एक गृहस्थ गळाले. चौदाच उरले. काका लगेच म्हणाले, "मला घे की. मी पंधरावा."

"बाबा, घरचा माणूस चालत नाही."

"सरांना विचार. मी काही गडबड करणार नाही."

सरांनी हात झटकून परवानगी दिली. पहिल्या दिवशी काकांना चौऱ्याहत्तर सेकंद लागले, चारचौघांसारखेच. पहिल्या आठवड्यानंतर बाकीच्या चौदा जणांचा वेळ कमी झाला. काकांना मात्र त्र्याऐंशी लागले. दुसऱ्या आठवड्यानंतर सत्त्याण्णव.

"बाबा, खरंच सराव करता ना?"

"करतो तर."

"मग असं कसं?"

"अक्षरं जरा एकमेकांच्या अंगावर चढतात," काका हसून म्हणाले. तीही हसली. तिला वाटले, बाबांची नेहमीची थट्टा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी एकशे एकवीस सेकंदांवर थांबलो. मधे एकदा 'हिरवा' हा शब्द शोधताना काका सहा सेकंद नुसते तोंड उघडे टाकून बसले होते. ते सहा सेकंद मी मोजले. ती मान खाली घालून आकडा लिहीत होती.

सरांनी तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हे काय आहे? चौदा जण सरासरी चौदा सेकंदांनी सुधारले आणि हा एक सत्तेचाळीसने घसरला! तुझे वडील वाचताना डुलक्या काढतात का?"

"नाही सर."

"मग घड्याळ बिघडलंय. दोन्हीपैकी एक."

माझ्यावर आळ! मी नखशिखांत पेटलो. दशांशने मला पुन्हा दुकानात नेले. काकांनी त्यांच्याजवळचे सगळ्यांत चांगले घड्याळ माझ्या शेजारी मांडले आणि दहा मिनिटे आम्हा दोघांना बरोबर पळवले. मी एका पावलाचाही फरक पडू दिला नाही. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घड्याळ ठणठणीत आहे."

"नक्की?"

"नक्की. चूक घड्याळाची नाही, एवढं लिहून घे."

मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती फुगली होती. मी सुटलो याचाच मला आनंद झाला. ज्याने मला निर्दोष सोडवले, त्याचे काय होणार हा विचार माझ्या चाकांत शिरलाच नाही.

आता तुम्हाला थोडे गणित सांगावे लागेल, भिऊ नका. दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायला एक संख्या काढतात. ती दोनच्या थोडी वर गेली तर संशोधन यशस्वी. काकांना धरून ती दीडच्या आसपास अडकत होती. काकांना काढले की जवळजवळ सहा! जो आकडा सरासरीपासून फार लांब जाऊन बसतो त्याला आउटलायर म्हणतात. सर म्हणाले, "तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर आहे. काढून टाक."

"पण सर, असं काढायचा नियम आपण आधी ठरवला नव्हता."

"मग आत्ता ठरव. एका म्हाताऱ्यापायी सगळ्यांची मेहनत पाण्यात घालणार आहेस? पहिला वर्ग हवाय की नकोय?"

"कारण काय लिहू?"

"'सूचना पाळल्या नाहीत.' नेहमी हेच लिहितात."

तिने पेन उचलले. थोडी घुटमळली, माझ्या काट्याने मोजली तर अकरा सेकंद. मग लिहिले: 'प्रयुक्त क्रमांक १५ ने सूचनांचे पालन न केल्यामुळे त्यास विश्लेषणातून वगळण्यात आले.' अक्षर सुरेख आले होते.

प्रबंध मांडायच्या दिवशी काका आणि काकू शेवटच्या रांगेत येऊन बसले. काकांच्या सदऱ्याची बटणे एक घर चुकून लागली होती. काकूंनी ती तिथेच, चारचौघांत, पुन्हा लावून दिली. मी दशांशच्या समोर टेबलावर होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर सारून विचारले, "एका गटात पंधरा, दुसऱ्यात चौदा. पंधरावा कुठे गेला?"

दशांशने शेवटच्या रांगेकडे पाहिले नाही. "त्यांनी सूचना पाळल्या नाहीत, मॅडम. म्हणून वगळलं."

"ठीक आहे. होतं असं," परीक्षक बाई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या, थोड्या उशिराने.

घरी जाताना बसमध्ये मी तिच्या पिशवीत होतो.  काका म्हणाले, "मी रोज करत होतो गं. दहा नाही, वीस-वीस मिनिटं."

"बाबा, ते तसं लिहायची पद्धत असते. मनावर घेऊ नका."

"बरं," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

पाच आठवड्यांनी दुकानाच्या शेजाऱ्याने फोन केला म्हणून काकू धावत गेल्या. काका खुर्चीत बसून होते. समोर एका घड्याळाची चाके पसरलेली, उजवा हात मांडीवर लोळागोळा, आणि तोंडातून शब्द फुटेना. हॉस्पिटलमध्ये डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते आणि सरळ बोलत होते. "कधीतरी डोक्याला मार लागलाय. आत थेंबाथेंबाने रक्त साठत गेलं आणि मेंदू दाबला गेला. हे एका दिवसात होत नाही. कधीपासून मंदावले होते?"

"पंधरा दिवस झाले असतील," काकू म्हणाल्या.

"नाही," दशांश म्हणाली. तिने पिशवीतून प्रबंधाची कच्ची वही काढली. विभागाला परत द्यायचा राहून गेलेला मी त्याच पिशवीत तळाशी होतो. तिने पान उघडून दिले. चार तारखा, चार आकडे. चौऱ्याहत्तर, त्र्याऐंशी, सत्त्याण्णव, एकशे एकवीस.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. "इतकी नेमकी नोंद मी कुठल्याच नातेवाइकांकडे पाहिलेली नाही. ही तुमच्याकडे तेव्हाच होती?"

"हो."

"मग आणलं का नाही? तिसऱ्या आठवड्यात आणलं असतं तर एक लहानसं भोक पाडून रक्त काढलं असतं. दहा दिवसांत दुकानात बसले असते."

  मग काकूंनी आपल्या पिशवीतून एक लहान वही काढली. काकांच्या गल्ल्याखाली सापडली होती. त्यात काकांनी रोजच्या सरावाची वेळ लिहिली होती, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. शेवटच्या पानावर अक्षरे वाकडीतिकडी झाली होती. 'आज पुन्हा घसरलो. हिला सांगितलं तर घाबरेल. पोरगी मोजतेच आहे, तिच्या लक्षात येईल.'

मित्रांनो, तेव्हा मला समजले की हा माणूस पंधरावा का झाला होता. आपले काहीतरी बिनसले आहे हे त्याला कळत होते आणि तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता. म्हणून तो आपणहून मोजायला आला. मी अचूक मोजले. तिने अचूक लिहिले. आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खोडून टाकले.

शस्त्रक्रिया झाली, काका वाचले. उजवा हात परत आला नाही आणि भाषाही आली नाही. डॉक्टर म्हणाले, असे झालेल्या काही माणसांजवळ एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि तोच ती सगळ्यासाठी वापरतात. काकांजवळ 'पंधरा' राहिला. पाणी हवे असले की पंधरा. खिडकी लावायची असली की पंधरा. झोप येत नसली की पंधरा, पंधरा. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा ती हा शब्द ऐकते आणि उठून विचारते, "काय हवंय बाबा?" मी खिडकीत असतो. विभागाने जुनी घड्याळे मोडीत काढली तेव्हा तिने मला मागून घेतले.

तिने ते खोडलेले पुन्हा लिहायचा प्रयत्न केलाच नाही, असे नाही. परीक्षा विभागात गेली तर तिथले कारकून म्हणाले, "नावात चूक असेल तर अर्ज आहे. आकड्यासाठी अर्ज नाही." सरांकडे गेली. सर म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण त्याचा संशोधनाशी काय संबंध? उलट, तो माणूस आजारी होता म्हणजे आपण त्याला काढलं ते बरोबरच ठरलं."

आणि एका दुपारी तेच सर फुलांचा गुच्छ घेऊन घरी आले. प्रबंधावरचा लेख एका नियतकालिकात छापून आला होता. वर सरांचे नाव, खाली तिचे. सर काकांच्या खुर्चीजवळ बसले आणि लहान मुलाशी बोलावे तसे म्हणाले, "काका, लेकीने नाव काढलं बरं का! ऐका हं. 'सराव करणाऱ्या गटात एकूण चौदा प्रयुक्त होते...'"

काकांचा डावा हात वर आला. "पंधरा."

सर हसले. "चौदा, काका. एक काढला होता ना आपण."

"पंधरा," काका म्हणाले. "पंधरा. पंधरा."

त्यांना पाणी हवे होते की तो माणूस हवा होता, हे मला सांगता येणार नाही. तिलाही कळले नाही. ती पाण्याचा पेला घेऊन आली. त्यांनी तो घेतला नाही. ती पेला धरून तशीच उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "बाबा बरोबर सांगतायत, सर. पंधरा होते." सरांनी अंक मिटला, गुच्छ टेबलावर ठेवला आणि घड्याळात बघून निघून गेले.

मित्रांनो, एरवी माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी हात जोडून म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. माझी चाके गंजली तर कुणाचे काही अडणार नाही. पण उद्या तुमच्यापैकी कुणी माणसे मोजायला बसलात आणि एखादा आकडा इतरांना सोडून भलतीकडे जाऊन बसला, तर खोडण्याआधी त्या माणसाच्या दाराशी जा आणि विचारा, "तुमची तब्येत बरी आहे ना?" हे एवढे विचारायला दोन सेकंद लागतात. मी मोजले आहे.